प्रिय ग्राहक, आपले खाते गोठवण्यात येत आहे!

मित्रहो, मी कॉम्प्युटर शाखेचा विद्यार्थी आहे. हॉस्टेलवर कुणाचा लॅपटॉप अडला, कुणाचा पासवर्ड हरवला की रात्री बारालासुद्धा माझे दार वाजते. आणि तरीही २०२४ च्या दिवाळीत, श्रीपूरला आमच्याच घराच्या ओसरीवर बसून, मी माझ्या वडिलांच्या खात्यातले पैसे स्वतःच्या हाताने चोराला काढून दिले. ही गोष्ट मी वर्गात कुणाला सांगितली नव्हती. पण मागच्या महिन्यात आपल्याच हॉस्टेलमधल्या एका ज्युनिअरने तस्साच मेल दाखवून विचारले, "दादा, हा खरा आहे का हो?" तेव्हा म्हटले, आता लाज सोडून लिहायला हवे.

ज्यांना श्रीपूर माहीत नाही त्यांच्यासाठी थोडेसे. सोलापूर जिल्हा, माळशिरस तालुका, अकलूजजवळचे गाव. १९३४ साली स्थापन झालेल्या बृहन्महाराष्ट्र शुगर सिंडिकेटने इथे साखर कारखाना काढला, आणि आज पांडुरंग सहकारी साखर कारखान्यामुळे गाव ओळखले जाते. त्यामुळे आमच्याकडे वर्षाचे गणित उसाच्या बिलावर चालते. लग्न, विहिरीचे काम, पोराची फी, सगळे "बिल आल्यावर". पारावर बसलेली माणसे एकमेकांना "जेवलास का" विचारायच्या आधी "बिल जमा झालं का" विचारतात. आणि बिल जमा होते बँकेत. म्हणजे बँकेकडून काही आले की घरातले सगळे कान टवकारणार, हे ओघानेच आले.

त्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर अण्णांच्या खात्यात ४१ हजार रुपये होते. त्यात माझी हॉस्टेलची आणि मेसची फी होती. १ नोव्हेंबर, लक्ष्मीपूजनाची संध्याकाळ. अण्णांच्या खात्याला मीच नेटबँकिंग करून दिले होते आणि त्याला माझाच ईमेल दिला होता. मेल आला. वर बँकेचे चिन्ह, रंग तोच, आणि खाली स्वच्छ मराठीत मजकूर : प्रिय ग्राहक, केवायसी अपूर्ण असल्याने आपले खाते आज रात्री १२ वाजता गोठवण्यात येत आहे, टाळण्यासाठी खालील लिंकवर माहिती अद्ययावत करा.

मी अण्णांना वाचून दाखवला. ते पूजेची मांडणी करत होते.

"आरं मग कर की लगीच. उद्या पाडवा, परवा रविवार. बँक उघडूस्तवर पैसं आडकून बसायचं."

लिंक उघडली. पान हुबेहूब बँकेचे. यूजर आयडी टाकला, पासवर्ड टाकला. मग ओटीपी मागितला. मोबाईल नंबर अण्णांचा, त्यामुळे ओटीपी त्यांच्या फोनवर.

"अण्णा, मोबाईलवर सहा आकडी नंबर आलाय बघा, तेवढा सांगा."

"तूच म्हनला हुतास, ह्यो नंबर कुनाला सांगायचा न्हाई."

"मला सांगायला काय झालं? मी काय परका आहे का?"

त्यांनी सांगितला. पानावर आले, "ओटीपी चुकीचा आहे, पुन्हा प्रयत्न करा." दुसरा आला, तोही सांगितला. मग तिसरा. नंतर हिरव्या अक्षरांत "आपले केवायसी पूर्ण झाले" असे आले आणि मी अण्णांना म्हणालो, "झालं काम." हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे त्याची किंमत येणार आहे.

साडेसातला अण्णांचा फोन चार्जिंगला लावायला घेतला तर मेसेज दिसला : खात्यातून २५ हजार रुपये गेले.

आता मित्रांनो, खरी चूक इथे झाली असे मी मानतो. लिंक उघडणे ही चूक होतीच, पण ती कुणाच्याही हातून होऊ शकते. त्यानंतर मी गप्प बसलो. घरात पणत्या लागलेल्या, आई खुशीत, बाहेर फटाके. म्हटले सणासुदीला कशाला सांगा, सोमवारी बँकेत जाऊन मिटवू. शिवाय मनात एक लबाड आशा होती की काहीतरी तांत्रिक चूक असेल, पैसे आपोआप परत येतील. रात्रभर झोप नाही, पण तोंडातून शब्दही नाही.

पाडव्याच्या दिवशी सकाळी अण्णा रानात गेले. तिकडे त्यांना फोन आला. समोरचा मराठीत, अगदी आदबीने बोलला. "काल ईमेलवरून तुम्ही केवायसी भरलंत ना, ते थोडं अर्धवट राहिलंय. एक नंबर येईल तेवढा सांगा." अण्णांना मी कालच सांगितले होते की केवायसी केले. त्यांना संशय यायचे कारणच नव्हते. त्यांनी नंबर सांगितला. उरलेल्यातले १६ हजार गेले. घरी येऊन पाय धुता धुता ते मला म्हणाले, "ती तुजी केवायसी उरली हुती ती म्या पुरी करून टाकली बरं का."

मग मला सांगावे लागले. ते रागावले नाहीत, हे जास्त वाईट. नुसते म्हणाले, "काल का न्हाई सांगितलंस?"

असो. पहिल्याच दिवशी सगळे पैसे का नेले नाहीत, याचाही उलगडा नंतर झाला. बऱ्याच बँकांत नव्याने जोडलेल्या खात्यावर पहिल्या काही तासांत ठरावीक रकमेपेक्षा जास्त पाठवता येत नाही. ही मर्यादा ग्राहकाला जाग यावी म्हणूनच ठेवलेली असते. मला जाग आली होती, मी ती वापरली नाही.

आता अभ्यासाकडे वळू, कारण झाल्या प्रकारानंतर मी हा विषय मुळापासून वाचला.

या प्रकाराला फिशिंग म्हणतात. १९९० च्या दशकाच्या मध्याला अमेरिकेत ‘अमेरिका ऑनलाइन’ या सेवेच्या ग्राहकांना कंपनीच्या नावाने निरोप पाठवून पासवर्ड काढून घेत, तिथून हा शब्द रूढ झाला. गळ टाकायचा आणि बसायचे. चोराला श्रीपूर माहीत नव्हते, उसाचे बिल माहीत नव्हते, आमच्या अण्णांचे नावही माहीत नव्हते; मेलमध्ये नुसते "प्रिय ग्राहक" होते. तो असे मेल ढिगाने सोडतो, आणि त्या ढिगात कुणीतरी त्याच दिवशी बँकेच्या निरोपाची वाट पाहत असतोच. आपल्या हॉस्टेलवर शिष्यवृत्तीच्या किंवा शैक्षणिक कर्जाच्या हप्त्याच्या दिवसांत शंभर पोरे अशी वाट पाहत असतात.

"पण मेल तर बँकेच्याच पत्त्यावरून आला होता!" हा प्रश्न मला सगळ्यात आधी पडला. त्याचे उत्तर आपल्या अभ्यासक्रमातच आहे. ईमेल ज्या नियमाने एका यंत्राकडून दुसऱ्याकडे जातो तो एसएमटीपी १९८२ साली जॉन पोस्टेल यांनी मांडला. तेव्हा जाळ्यावर थोडीच आणि बहुतेक ओळखीची मंडळी होती. पाठवणारा खोटे बोलेल ही शंका त्या नियमात धरलेलीच नाही. पोस्टाच्या पाकिटासारखे आहे बघा. पाकिटाच्या मागे ‘प्रेषक : जिल्हाधिकारी’ असे मी लिहिले तर पोस्टमन मला ओळखपत्र मागत नाही. त्यातून मोबाईलवर मेल उघडला की नुसते नाव दिसते, पत्ता दिसतच नाही, आणि नाव तर कुणीही काहीही ठेवू शकतो. माझ्या मेलमध्ये नावाच्या जागी बँकेचे नाव होते आणि पत्ता भलताच, पण तो बघायला नावावर बोट टेकवावे लागते. मी टेकवले नाही.

पुढे या दुबळेपणावर तीन उपाय आले : एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क. पहिल्याने कळते की या डोमेनच्या नावाने मेल पाठवायचा अधिकार कोणत्या यंत्रांना आहे. दुसरा मेलवर डोमेनची अंकीय सही करतो. तिसरा सांगतो की या तपासण्यांत नापास झालेल्या मेलचे काय करायचे. जीमेल कॉम्प्युटरवर उघडून मेलच्या उजव्या कोपऱ्यातल्या तीन टिंबांवर ‘शो ओरिजिनल’ निवडलेत तर या तिन्हींचा निकाल वरच लिहिलेला दिसतो. आपल्यासारख्यांनी एकदा तरी बघावा. पण एक गोम आहे, ती मला पुष्कळ उशिरा कळली. तिन्ही ‘पास’ असले म्हणजे मेल बँकेचा आहे असे होत नाही. ज्या डोमेनचे नाव तिथे आहे त्यानेच तो पाठवला, एवढेच सिद्ध होते. चोराने स्वतःचे डोमेन रीतसर विकत घेतले असेल तर त्याचाही निकाल फर्स्ट क्लासच येणार!

म्हणून डोमेन वाचता आले पाहिजे. आपण पत्ता लिहितो, मुक्काम श्रीपूर, तालुका माळशिरस, जिल्हा सोलापूर. मोठी जागा शेवटी. वेबचा पत्ताही तसाच आहे. सुरुवातीच्या दोन तिरक्या रेघा सोडा, त्यानंतर पहिली तिरकी रेघ येईल तिथे थांबा आणि तिथून डावीकडे मागे वाचत या. शेवटचे दोन-तीन शब्द हा खरा मालक. त्याच्या आधी कितीही वेळा बँकेचे नाव आले तरी त्याला अर्थ नाही. पुण्यात ‘सोलापूर चादर भांडार’ असते म्हणून ते दुकान काही सोलापुरात नसते. अक्षरांची फसवणूकही असते. इंग्रजी ‘आर’ आणि ‘एन’ चिकटून आले की लहान पडद्यावर ‘एम’ दिसतो.

यात २०२५ साली एक चांगली गोष्ट झाली. रिझर्व्ह बँकेने सगळ्या बँकांना आपली संकेतस्थळे ‘डॉट बँक डॉट इन’ या शेपटाच्या पत्त्यावर न्यायला सांगितले आणि त्याला ३१ ऑक्टोबर २०२५ ची मुदत दिली. हे शेपूट हैदराबादची आयडीआरबीटी ही संस्था फक्त बँकांना देते, बाजारात ते विकत मिळत नाही. म्हणजे ‘डॉट कॉम’ किंवा ‘डॉट इन्फो’ शेपटाच्या पानावर बँकेचा पासवर्ड मागितला तर तिथेच थांबायचे. मात्र ‘बँक’ आणि ‘इन’ यांच्यामध्ये टिंबाऐवजी आडवी रेघ असली आणि पुढे ‘डॉट कॉम’ असले तर ते नकली. टिंब आणि रेघ यांत तेवढा फरक आहे.

कुलपाच्या चित्राबद्दल दोन शब्द. "कुलूप दिसलं म्हणजे साईट सुरक्षित" असे आपल्याला शाळेत शिकवले. कुलपाचा अर्थ एवढाच की तुम्ही आणि ते पान यांच्यामधले बोलणे तिसऱ्याला ऐकू येत नाही. समोरचा कोण आहे हे ते सांगत नाही. कुलपाचे प्रमाणपत्र आता फुकट आणि काही मिनिटांत मिळते, चोरालाही. या गैरसमजामुळेच क्रोमने २०२३ मध्ये ते चित्र काढून टाकले. तसेच ‘स्पेलिंगच्या चुका शोधा’ हा जुना सल्ला. मला आलेल्या मेलमध्ये एकही चूक नव्हती. माझ्या या लेखात जास्त निघतील! आता यंत्रेच शुद्ध मराठी लिहून देतात, तेव्हा शुद्धलेखनावर भिस्त ठेवू नका.

मग ओळखायचे कसे? माझे मत विचाराल तर मेल बारकाईने बघून ओळखण्याच्या फंदात फार पडूच नये. मेलमध्ये तीन गोष्टी एकत्र आल्या, म्हणजे भीती किंवा लोभ, घड्याळ, आणि एक लिंक किंवा फाईल, की तो मेल बंद करायचा आणि बँकेकडे आपल्या वाटेने जायचे. आपली वाट म्हणजे बँकेचे ॲप, स्वतः टाईप केलेला पत्ता, पासबुकावर छापलेला किंवा कार्डाच्या मागचा नंबर, नाहीतर सरळ शाखा. मेलमध्ये दिलेला नंबर ही त्याची वाट, आपली नव्हे. गूगलवर शोधून काढलेल्या नंबराचाही भरवसा नाही. मेल खरा असेल तर तोच निरोप ॲपमध्ये किंवा शाखेतही मिळतो, काही बिघडत नाही.

ओटीपीच्या मेसेजबद्दल मात्र थोडे थांबून सांगतो. अण्णांनी मला सहा आकडे वाचून दाखवले, कारण मी आकडेच मागितले होते. पुढचा मजकूर इंग्रजीत होता. नंतर आम्ही तो शांतपणे वाचला. दुसऱ्या मेसेजमध्ये स्पष्ट लिहिले होते की हा ओटीपी नवा लाभार्थी जोडण्यासाठी आहे, आणि तिसऱ्यात २५ हजार ही रक्कमसुद्धा होती! केवायसीसाठी रक्कम कशाला येईल? बँकेने तिच्या परीने सांगितले होते, आम्ही वाचले नाही. म्हणून घरी शिकवताना "ओटीपी सांगू नका" एवढेच शिकवू नका, ते मीही शिकवले होते. आकड्यांच्या आजूबाजूचा मजकूर वाचायला शिकवा. बँकेत अर्ज करून तो मेसेज मराठीत येतो का तेही विचारा.

स्टाफच्या मंडळींसाठी गळ वेगळा असतो. अकाउंट्स विभागाला ‘पेमेंट ॲडव्हाइस’ नावाची फाईल येते. नावाच्या शेवटी पीडीएफऐवजी ‘एचटीएमएल’ असते. उघडली की लॉगिनचे पान दिसते, आणि ते पान तुमच्याच कॉम्प्युटरवरून उघडलेले असल्याने वरती संशयास्पद पत्ताही दिसत नाही. तिथे पासवर्ड मागितला तर फाईल बंद करावी, एवढेच.

आता कायदा. याची महाराष्ट्रातली एक गाजलेली केस आपल्याजवळच्या पुण्याची आहे. पूना ऑटो ॲन्सिलरीज या कंपनीच्या प्रमुखाने बँकेच्या नावाने आलेल्या फिशिंग मेलला उत्तर दिले आणि कंपनीच्या पंजाब नॅशनल बँकेतल्या खात्यातून ८० लाख १० हजार रुपये गेले. माहिती तंत्रज्ञान कायद्यानुसार राज्याचे आयटी सचिव अशा तक्रारींचे निवाडा अधिकारी असतात. त्या वेळचे सचिव राजेश अग्रवाल यांनी २०१३ साली बँकेने ४५ लाख रुपये द्यावेत असा आदेश दिला. मेलला उत्तर देणाऱ्यानेही नुकसानीचा वाटा सोसावा, पण ज्या खात्यांत पैसे वळवले ती बनावट खाती बँकेने नीट तपासणी न करता उघडू दिली, असा त्या निकालाचा आशय. त्याआधी २०१० मध्ये तामिळनाडूच्या निवाडा अधिकाऱ्यानेही आयसीआयसीआय बँकेला एका फिशिंग प्रकरणात ग्राहकाला १२ लाख ८५ हजार द्यायला सांगितले होते. म्हणजे "तुम्हीच माहिती दिलीत, आता काही होणार नाही" हे काउंटरवरचे वाक्य शेवटचे नसते. मोठमोठ्या कंपन्यांचे अनुभवी लोकही फसतात, हे वाचून मला थोडा धीर आला, खोटे कशाला बोलू.

चोराला लागणारी कलमे ६६ क आणि ६६ ड. २००८ च्या दुरुस्तीने ती कायद्यात आली आणि २७ ऑक्टोबर २००९ पासून लागू झाली. दोन्हींत तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड. त्याच्याही आधी, २००५ मध्ये, नॅसकॉमच्या नावाने मेल पाठवणाऱ्यांविरुद्धच्या खटल्यात दिल्ली उच्च न्यायालयाने फिशिंग बेकायदेशीर ठरवले होते.

पण आपल्या दृष्टीने महत्त्वाचे आहे ते रिझर्व्ह बँकेचे ६ जुलै २०१७ चे परिपत्रक. ग्राहकाने स्वतः ओटीपी वगैरे दिला असेल तर बँकेला कळवेपर्यंतचे नुकसान त्याचे, आणि कळवल्यानंतर झालेले नुकसान बँकेचे, असे त्यात ठरवले. ना तुमची चूक ना बँकेची, तिसऱ्याच कुणामुळे पैसे गेले आणि तुम्ही तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलेत, तर तुमच्यावर बोजा शून्य. हे वाचून मी डोक्याला हात लावला. शुक्रवारी रात्री आठला मी फोन केला असता तर दुसऱ्या दिवशीचे १६ हजार बहुधा गेलेच नसते, आणि गेले असते तरी ते बँकेच्या अंगावर पडले असते. बँकेला सुट्टी होती, पण तक्रारीचा फोन सुट्टीतही चालू ठेवणे बँकांना बंधनकारक आहे, हे मला माहीत नव्हते.

आम्ही शेवटी पाडव्याला दुपारी १९३० या नंबरला फोन केला. ही सायबर फसवणुकीची राष्ट्रीय हेल्पलाइन आहे. २०२१ मध्ये ती १५५२६० या नंबरवर सुरू झाली आणि मग नंबर बदलला. तिथे खाते क्रमांक, व्यवहाराचा क्रमांक, रक्कम आणि वेळ विचारतात, म्हणून मेसेज पुसू नका. ते ज्या खात्यात पैसे गेले त्या बँकेला लगेच कळवतात आणि तिथे शिल्लक असेल तेवढी रक्कम थांबवली जाते. पहिले २५ हजार रात्रीच एटीएममधून निघाले होते. सकाळच्या १६ हजारांतले ९ हजार ४०० अडकले. ते कोर्टाच्या आदेशाने पाच महिन्यांनी परत आले. त्या सत्राची माझी फी अण्णांनी सोसायटीतून उचल घेऊन भरली.

त्याच दिवशी करायच्या आणखी गोष्टी : दुसऱ्या कॉम्प्युटरवरून नेटबँकिंगचा पासवर्ड बदलणे, जोडलेला लाभार्थी काढणे, कार्ड बंद करणे, आणि तोच पासवर्ड ईमेललाही ठेवला असेल (माझा होता) तर तोही बदलणे. मेल पुसायचा नाही, पुरावा असतो. आणि घरातल्या सगळ्यांना सांगायचे, कारण दुसरा फोन त्यांना येतो.

अण्णा आता बँकेचा मेसेज आला की मला फोन करतात आणि अक्षर अक्षर लावून वाचून दाखवतात. कधी कधी ऐन प्रॅक्टिकलच्या वेळी. मी बाहेर जाऊन ऐकतो.

ज्यांना आपल्या मेलचे हेडर वाचायला शिकायचे आहे त्यांनी रविवारी नाश्त्यानंतर लॅपटॉप घेऊन रीडिंग हॉलमध्ये यावे. स्टाफपैकी कुणी आले तर आनंदच आहे. आणि ज्याच्याकडून कालच काही झाले असेल त्याने रविवारची वाट बघू नये, रात्री बारालासुद्धा दार वाजवावे.